आबांची मिशी

आयुष्यात मी दोनच माणसांवर मनापासून जळलो. एक पलटणीतला, त्याला माझ्याआधी बढती मिळाली म्हणून. ते मी सहा महिन्यांत विसरलो. दुसरा आमच्या गावचा न्हावी. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्याच्या वयाच्या पुढं मी स्वतः आलोय, तरी ते काही माझ्या पोटातून जात नाही. घरातली माणसं म्हणतात, जाऊ द्या आता. जाऊ द्यायला मी कुठं धरून ठेवलंय?

दुसरं महायुद्ध संपलं आणि पुढच्या वर्षी मला पलटणीतून सोडलं. लढाईत मी बंदूक थोडी आणि पट्ट्या जास्त हाताळल्या. जखमींच्या दवाखान्यात मी शिपाई होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, डॉक्टर सांगेल तेवढं औषध मोजून पाजायचं, ज्याला उठता येत नाही त्याचं सगळं अंथरुणातच करायचं. चार वर्षं मी हेच केलं आणि चांगलं केलं. एका गोऱ्या डॉक्टरानं मला सर्वांसमोर ‘उत्तम हात’ म्हटलं होतं. ते दोन शब्द मी ट्रंकेतल्या कपड्यांबरोबर घडी घालून गावाकडं आणले होते.

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठी आमचं गाव. ट्रंक खांद्यावर टाकून मी सकाळी घरी पोचलो. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं उघडा सोपा होता. सोप्यात माझे वडील, म्हणजे आबा, पाटावर बसले होते आणि त्यांची हनुवटी नानाच्या डाव्या हातात होती. नाना म्हणजे आमचा न्हावी. आबांच्याच वयाचा, दोघं एकाच वर्षी नदीत पोहायला शिकलेले. आबांच्या उजव्या गालावर लिंबाएवढी गाठ होती आणि तिला तोंड पडलं होतं. पत्रात कुणी मला अक्षरानं कळवलं नव्हतं.

मला बघून आबा उठायला गेले. नाना म्हणाला, “हलू नगा मालक, वस्तरा हाय.” आणि आबा बसून राहिले. चार वर्षांनी लढाईवरनं मुलगा परत आलाय आणि बाप न्हाव्याचं ऐकून बसून राहतो. मी ट्रंक खाली ठेवली आणि दाढी संपेपर्यंत उभा राहिलो. माझ्या जळण्याची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी जुंपली आणि आबांना सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं. आबांना तंबाखूची सवय जुनी. चुना लावून मळलेला बार उजव्या गालात धरायचा, झोपेतसुद्धा तो तसाच असायचा. डॉक्टरांनी गालात बोट घालून बघितलं, मानेच्या गाठी चाचपल्या आणि मला बाहेर बोलावलं. कर्करोग आहे म्हणाले, फार पुढं गेलाय, आता मुंबईला नेऊन रेडियमचाही उपयोग होणार नाही. मग त्यांनी मला अफूच्या अर्काची बाटली दिली, थेंब किती आणि किती वेळानं द्यायचे ते सांगितलं. शेवटी म्हणाले, “दुखणं कमी ठेवा, आणि त्यांना काय हवं ते विचारत जा.” यातली पहिली गोष्ट मी अगदी चोख केली. दुसरी मला काम वाटलीच नाही.

परतताना गाडीत आबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांना कळलंच होतं. त्यांनी कनवटीची तंबाखूची पिशवी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा कनवटीला लावली.

मी घराचा दवाखाना केला. सोप्यातून त्यांना आतल्या खोलीत हलवलं, कारण सोप्यात धूळ आणि माशा. पोटॅशचं गुलाबी पाणी, उकळून वाळवलेल्या चिंध्या, बोरिकचा कापूस, सगळं एका फळीवर ओळीनं मांडलं. सकाळी जखम, दुपारी जखम, सूर्य मावळायच्या आत पुन्हा एकदा. थेंब घड्याळावर. खायला पातळ कण्या आणि दूध, पलटणीतून आणलेल्या नळीच्या कपातून. आई दारात उभी राहून बघायची. मी केलेलं सगळं बरोबर होतं, हे मी आजही सांगतो. जखमेचा वास आठवड्यात निम्मा झाला. आबांना झोप लागायला लागली.

पण आबा माझ्याकडं बघायचे नाहीत. मी पट्टी करत असलो की त्यांची नजर वरच्या तुळईवर असायची. दुखलं तरी आवाज नाही. पलटणीतले रोगी शिव्या द्यायचे, रडायचे, माझा हात धरायचे. आबा पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे अवघडून पडून असायचे. मी म्हणायचो, दुखतंय का? ते मानेनं नाही म्हणायचे. आणि मग सकाळी नानाच्या खोकण्याचा आवाज गल्लीत आला की त्यांचा चेहरा सैल पडायचा. माझ्या डोळ्यांदेखत पडायचा.

नाना रोज यायचा. दाढीचा दिवस नसला तरी यायचा. सोमवारी आणि शनिवारी आमच्याकडं कुणी डोक्याला वस्तरा लावून घेत नाही, अमावास्येला नाहीच नाही, पण नाना त्या दिवशीही वस्तऱ्या-कातरीची धोकटी काखेत मारून हजर. धोकटी उघडायचीसुद्धा नाही. नुसता बसायचा. मी त्याला एकदा विचारलं, “आज काय काम काढलंय?”

“काम कसलं धाकलं मालक? आलो आपला.”

त्याचं आबांना शिवणं मी चोरून बघायचो. त्यात शास्त्र काही नव्हतं. हात धुवायचा, पण ते न्हाव्याच्या वाटीतल्या पाण्यात. मग तळहात एकमेकांवर घासून गरम करायचा. आधी चांगल्या गालाला हात टेकवायचा आणि तसाच ठेवायचा, काही न करता. आबांनी डोळे मिटले की मग हनुवटी उचलायची. मी पट्टी करायला पाचच मिनिटं घ्यायचो, रोग्याला त्रास कमी म्हणून. नाना अर्धी दाढी करायला अर्धा तास घ्यायचा आणि आबांना तो पुरायचा नाही.

खाण्याचंही तेच. माझ्या कपातून आबा दोन घोट घ्यायचे आणि मान फिरवायचे. नानानं नदीतला एक शिंपला आणला होता. तान्ह्या पोराला ज्यानं पाजतात, तसला. शिंपल्यातून आंबील घेऊन चांगल्या बाजूच्या गालात अलगद सोडायचा आणि गिळेपर्यंत दुसरीकडं बघत बसायचा. मला ते बघवायचं नाही. पन्नास एकराच्या धन्याला तान्ह्या पोरासारखं शिंपल्यानं पाजायचं! मी शिंपला फळीवरून उचलून आईकडं दिला, म्हटलं, हे बाहेर टाक. आईनं तो टाकला नाही. दुसऱ्या दिवशी तो नानाच्या हातात होता आणि आबांनी वाटीभर आंबील संपवली.

आबांची जीभ जड झाली होती. त्यांचं बोलणं मला कळायचं नाही, आईला अर्धं कळायचं, नानाला सगळं कळायचं. मी विचारायचो, काय म्हणतात? नाना सांगायचा, “वरच्या मळ्यात उसाला पानी कवा हाय इचारत्यात.” बापलेकाच्या मध्ये न्हावी दुभाषा! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी पाणी आणायला गेलो आणि दाराआड थबकलो. आत नाना सांगत होता, कुणाची म्हैस कुणाच्या शाळवात शिरली, पाटणची सोयरीक कशी मोडली, कोणाच्या जावयानं किती भाकरी खाल्ल्या. असल्या फालतू गप्पा! आणि मध्येच म्हणाला, “काय सांगू गड्या तुला.” चारचौघांत मालक आणि खोलीत गड्या. आबांच्या घशातून घरघर आली. मी धावत आत गेलो. आबा हसत होते.

मी चार वर्षं माणसं मरताना बघितली होती, पण आबांचं ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. तिथून मी हलकटपणा सुरू केला. हलकटपणाच म्हणायचा त्याला. नाना आला की मी दारातच सांगायचो, आत्ताच डोळा लागलाय, उद्या ये. तो मान हलवायचा आणि परत जायचा. आत आबा जागे असायचे. त्यांना खोकण्याचा आवाज ऐकू आलेला असायचा आणि पावलं दूर जातानाही ऐकू यायची. मी आत येऊन चादर नीट करायचो. ते तुळईकडं बघायचे.

मला एकच गोष्ट हवी होती. आबांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या हातात सैल पडावं. मी त्यांचा मुलगा होतो, ‘उत्तम हात’ माझे होते, आणि त्यांच्याकडं दिवस थोडे होते.

आता मिशीचं सांगतो.

आबांची मिशी पंचक्रोशीत ओळखीची होती. जाड, पांढरी, टोकं वर वळलेली. आमच्याकडं पुरुष मिशी एकदाच काढतो, बाप गेल्यावर. बिनमिशीचा माणूस रस्त्यात दिसला की पहिला प्रश्न असतो, कोण गेलं? आबांनीही आजोबा गेले तेव्हा काढली होती, त्यानंतर तिला वस्तरा माहीत नव्हता. पण गालाची जखम पसरत ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि घाण मिशीच्या केसांत अडकून वाळायला लागली. नाना रोज ओल्या फडक्यानं एकेक केस सोडवत बसायचा. त्याचा वेळ त्यातच जायचा. मला ते चुकीचं वाटत होतं, आणि खरंच चुकीचं होतं. जखमेजवळ केस ठेवायचे नसतात. पलटणीत आम्ही विचारतसुद्धा नव्हतो, कातर घ्यायची आणि मोकळं करायचं.

एके दिवशी नानाला मी असाच दारातून परत पाठवला. दुपारचे थेंब दिले, आबांना गुंगी आली. मग मी कातर उकळली आणि उजवी मिशी कापली. छान मोकळं झालं. जखम कडेपर्यंत धुता आली. मग बघतो तर अर्धी मिशी फार विचित्र दिसायला लागली. म्हणून डावीही कापली. वरून माझा दाढीचा पत्रा, म्हणजे ब्लेड, फिरवून ओठ साफ केला. गेली कितीतरी वर्षं कुणी न पाहिलेला तो ओठ पांढराफटक होता. मला माझ्या कामाचं समाधान वाटलं. खोटं कशाला सांगू, असंही वाटलं की उद्या नाना आला की त्याला करायला काही उरणार नाही.

आई पाणी घेऊन आली आणि तिच्या हातातला तांब्या पडला.  तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसली. तेव्हा कुठं मला थोडं चरकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नाना आला तेव्हा मी दारात उभा राहिलो नाही. तो आत आला, त्यानं बघितलं, आणि धोकटी उघडून रोजच्यासारखा बसला. आबांना अजून कळलं नव्हतं. पट्टीमुळं तोंड जड असायचं, त्याला ते हात लावायचे नाहीत. नानानं दाढी केली. दाढी झाली की आरसा दाखवायचा हा त्याचा रिवाज. त्या दिवशी त्यानं आरसा काढला नाही. आबांनी हात पुढं केला. नाना म्हणाला, “आज न्हाई आनला, मालक.” आबांनी स्वतःच धोकटीत हात घातला आणि आरसा काढला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग बोलले, आणि दोन महिन्यांत त्यांचं तेवढंच एक वाक्य मला न सांगता कळलं.

“कोन मेलं रं?”

नाना म्हणाला, “कोन न्हाई मालक. पोराच्या हातनं कातर घसरली. यील म्हैन्याभरात.”

त्यानं मला पाठीशी घातलं. मी त्याला दारातून हाकलत होतो आणि तो मला पाठीशी घालत होता. त्याबद्दल मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

आबांनी आरसा परत दिला, उपरणं तोंडावर ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले. तीन दिवस तसेच. आंबील नाही, पाणी नाही म्हणावं इतपत. बघायला येणाऱ्यांना आई दारातूनच परत पाठवायची, कारण कुणी आलं की आबा उपरणं दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. आणि त्यांचं दुखणं वाढलं. बाटली तीच, थेंब तेवढेच, जखम आधीपेक्षा स्वच्छ, आणि ज्या आबांनी कधी आवाज काढला नाही ते कण्हायला लागले. मी दोन थेंब वाढवले. उपयोग नाही. पलटणीतलं माझं सगळं शिक्षण मी आठवून बघितलं, त्यात या दुखण्याला औषध नव्हतं. तेव्हा मला डॉक्टरांचं दुसरं वाक्य आठवलं. त्यांना काय हवं ते विचारत जा. ज्या दिवशी मी त्यांची मिशी घेतली, त्या दिवशीही मी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात गेलो. माझीही मिशी होती, पलटणीत राखलेली, चांगली भरघोस. मी साबण लावला आणि पत्रा वर नेला. माझ्या मनात काय होतं? आत जाऊन म्हणायचं, आबा, बघा, माझीही नाही. तेवढ्यात आई आली आणि तिनं माझं मनगट असं धरलं की पत्रा खाली पडला.

“अरं, बाप जिता हाय अजून! जित्यापणी त्यांचं सुतक करतूस व्हय रं?”

खरंच होतं. बाप असताना मुलानं मिशी काढायची म्हणजे त्यांना जिवंतपणी पोचवायचं. मी साबण धुऊन टाकला. त्यांना ज्यात एकटं पाडलं होतं, त्यात त्यांच्या सोबतीला जायची मला मुभा नव्हती.

नानाला होती. त्याचा बाप केव्हाच गेला होता.

चौथ्या दिवशी खोकण्याचा आवाज आला, नाना दारातून वाकून आत आला आणि आईनं तोंडात बोट घातलं. त्याची मिशी नव्हती. नानाची मिशी आबांच्यासारखी नव्हे, विरळ आणि तंबाखूनं पिवळी, पण होती. आता सगळा ओठ उघडा, त्यामुळं तोंड सोललेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. तो आबांच्या उशाशी बसला.

“मालक, जरा हिकडं बघा.”

आबा हलले नाहीत.

“बघ की गड्या. तुझ्यापायी बायकूच्या शिव्या खाऊन आलोय.” हे त्यानं आमच्या सगळ्यांसमोर म्हटलं. मालक नाही, गड्या.

उपरणं हळूहळू खाली आलं. आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग ती घशातली घरघर सुरू झाली. नानाही हसायला लागला. दोन म्हातारे, दोघांचे ओठ उघडे, एकमेकांकडं बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग आबा काहीतरी बोलले. नानानं मला सांगितलं, “सोप्यात न्या म्हंत्यात.”

मी आणि नानानं त्यांना उचलून सोप्यात बसवलं. वास असो, धूळ असो, माशा असोत. नदीकडं जाणारी-येणारी माणसं थांबायची, दोघांच्या तोंडाकडं बघायची आणि दचकून विचारायची, कोण गेलं हो? नाना म्हणायचा, “आमचा दोगांचा बाप परत येकदा मेला. लय वाईट झालं.” आबा मान हलवून दुजोरा द्यायचे. त्या दिवशी त्यांनी तीन शिंपले आंबील घेतली. वाढवलेले दोन थेंब मी त्या दिवसापासून पुन्हा कमी केले आणि ते कण्हले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग मी सुधारलो असेन. नाही. मी नानाला दारातून परत पाठवणं सोडलं, एवढंच. बाकी जळफळाट होता तसाच, उलट वाढला. आधी मला वाटायचं, त्याला काही कळत नाही आणि तरी त्याला मिळतं. आता कळलं होतं की त्याला कळतं. शहाण्या माणसाचा हेवा करणं जास्त अवघड असतं, त्यात आपल्या बाजूला धरायला काही उरत नाही.

पट्ट्या मी करायचो, बाकी सगळं त्याचं. एकदा तो मला म्हणालासुद्धा, “धाकलं मालक, तुमी बी बसा की. आदी हात ऊन करायचा. चांगल्या गालावर ठिवायचा. घाई न्हाई करायची.” मी म्हटलं, मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

एक सकाळ लक्षात राहिली आहे. मी उकळलेल्या चिंध्या घेऊन सोप्यात आलो आणि दोघं बोलता बोलता थांबले. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते, नेमकं माझ्या मिशीकडं. मग त्यांनी नानाचं मनगट धरलं आणि काहीतरी दोन-तीनदा सांगितलं. नाना म्हणाला, “व्हय व्हय. ध्येनात ठिवतो.” मी विचारलं, काय? नाना म्हणाला, “काय न्हाई, आमचं आपलं.” मी चिंध्या तिथंच आपटल्या. मला वाटलं, अजून तेच बोलतात, माझ्या कातरीचं.

शेवटच्या आठवड्यात नाना तापानं दोन दिवस पडला. पहिल्या दिवशी मी हात घासून गरम केले, चांगल्या गालावर तळवा ठेवला आणि थांबलो. आबांनी डोळे मिटले नाहीत. शिंपल्यानं आंबील घेतली, चार शिंपले घेतली, शहाण्या मुलासारखी, पण प्रत्येक घोटानंतर नजर रस्त्याकडं. मी हळूच म्हटलं, “आबा, तो आज येणार नाही.” त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. मला समजावतात तसं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं, मला काय होतंय ते. हे बरं की वाईट, मी अजून ठरवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाना अंगाभोवती घोंगडं लपेटून आला. आबा त्यानंतर पाच दिवस होते. ते गेले सकाळी, सोप्यात, उन्हं पायरीवर आली तेव्हा. त्यांच्या ओठावर बोटभर नसली तरी चांगली दिसण्याइतकी मिशी परत आली होती. पांढरी. शेवटच्या दाढीत नानानं तिची कड नीट काढून दिली होती. आई म्हणाली, “आता कसं त्यांचंच तोंड दिसतंय.” मी तोंड फिरवलं.

दहाव्याला नदीवर गेलो. क्षौर करायला नानाच येणार, दुसरा कोण? गावचा न्हावी तो. मी पाण्याकडं तोंड करून दगडावर बसलो. इतके दिवस त्याला माझ्या बापाजवळ बसलेला बघितलं, आता तो माझ्यासमोर बसला. त्यानं वाटीत नदीचं पाणी घेतलं, हात धुतले आणि तळवे घासले. मग डावा हात माझ्या गालावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिला.

गरम होता. खरखरीत, आणि त्याला साबणाचा आणि तंबाखूचा वास होता. मला वाटलं होतं मी ताठ बसेन. माझी मान आपोआप त्याच्या हातात गेली. डोकं जड झालं, खांदे उतरले, आणि मी सोप्यात आबा जसे पडायचे तसा सैल पडलो.  त्यानं डोकं केलं, गाल केले. मग मिशीपाशी आला आणि थांबला. अंगठ्यानं माझा वरचा ओठ चाचपला, डाव्या बाजूनं.

“हितंच हाय न्हवं?”

“काय?”

“जखमंची खून. ल्हानपनी उसाच्या बुडक्यावर तोंडावर पडला हुता तुमी. वठ फाटला हुता. मिशीखाली झाकलंय आता.”

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी बोट नेऊन बघितलं तर केसांखाली बारीक वळ लागला.

“तुला कुणी सांगितलं?”

“मालकांनी. त्या दिशी सोप्यात. तुमी चिंध्या आपटल्या बगा, तवा.” नानानं वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला. “मालक म्हनलं, पोराची मिशी काढायला तूच असशील. डाव्या अंगाला हळू जा. तिथं त्याला लागतंय. दोन-तीन येळा म्हनलं.”

त्यानं माझा ओठ ताणला आणि हळू वस्तरा घातला. इतका हळू की लागला म्हणून कळलंसुद्धा नाही. मी रडत होतो त्यामुळं त्याला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. तो वस्तरा लांब धरायचा, दुसरीकडं बघायचा, आणि मी थांबलो की पुन्हा सुरू करायचा.

दोन महिने मी आबांच्या उशाशी होतो. थेंब मी मोजले, जखम मी धुतली. त्यांच्या जड जिभेत जेवढी ताकद उरली होती, त्यातली एवढी त्यांनी माझ्या ओठावरच्या एका जुन्या वळासाठी खर्च केली. आणि सांगितलं ते त्याला. मला कळलं असतं, मी कान देऊन ऐकलं असतं. तेवढं एक तरी त्यांनी मला सांगायचं होतं.